फुंकणीतला फ्रेंच ई

मी एक जुनी फुंकणी आहे, पण जुनी म्हणून मला कोपऱ्यात ढकलू नका, मित्रांनो. चेहरे तुम्ही ओळखता. मी ओठ ओळखते.

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात इतवारी लोहारानं मोडक्या सायकलच्या दांड्यातून मला कापून काढलं आणि गिरजाबाईच्या चुलीजवळ माझी जागा ठरली. पावसाळ्यात लाकडं ओली असायची, सगळ्या घराच्या डोळ्यांना धार लागायची. अशा वेळी सगळे मलाच शोधायचे. पाहुणे जेवून भाताचं कौतुक करत. माझं नाव कुणी घेत नसे. नका घेऊ! माझ्याशिवाय तो भात कच्चाच राहिला असता.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. तरी फ्रेंच लोकांचे स्वर कसे म्हणायचे, ते मला विचारा.

चौऱ्याऐंशी साल असेल. गिरजाबाईची लेक सत्यशीला नागपूरला कॉलेजात फ्रेंच शिकत होती. तोंडी परीक्षेआधी ती घरी आली, तेव्हा तिचे वडील खुशालभाऊ म्हणाले, "पास झाली तं पुढं शीक. नाई तं गडचांदूरचं स्थळ मी पक्कं करतो."

पोरीचं जेवण गेलं. नाकातले स्वर तिला सोपे होते. आमच्याकडं कुणाला हाक मारा, "आं?" असं नाकातूनच उत्तर येतं. शेवटी जिभेनं 'न' लावायचा नाही, एवढंच सांभाळायचं. पण एक स्वर काही बसेना. त्यात जीभ 'ई' म्हणताना असते तशी पुढं ठेवायची, आणि ओठ मात्र 'ऊ'सारखे गोल करायचे. ओठ गोल केले की जीभ मागं पळे. जीभ धरली की ओठ फाकत.

एका सकाळी चूल फुंकता फुंकता ती थांबली. मला गोल ओठांवर तशीच धरली आणि फुंकायचं सोडून लांब 'ई' म्हणाली. माझ्या पोटातून असा काही आवाज गेला, की मीच दचकले. ना ई, ना ऊ. दोघांच्या मधला!

तेवढ्यात गिरजाबाई आली. चूल विझलेली, भात अर्धा कच्चा.

"काऊन वं सत्ते, चुलीले फ्रेंच शिकवून राह्यली का?"

"माय, जीभ आयकते, पण ओठ आयकत नाई."

"तुहे ओठ कधी कोणाचं आयकतात? दे इकडं फुंकणी!"

पण गिरजाबाईनं मला घेतलं नाही. ती शेजारच्या शकुबाईची फुंकणी मागून घेऊन आली.

मग पोरगी दिवसभर मला घेऊन ओसरीवर बसायची. स्वर धरायची आणि मला हळूच बाजूला सारायची. मी सरले की ओठ पसरायचे. पुन्हा मी, पुन्हा 'ई'. असं करता करता एकदा मी दूर गेले आणि ओठ होते तिथंच राहिले. मग दुसरा स्वरही बसला: जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे. फ्रेंच लोक आगीला जे म्हणतात, त्यात हाच स्वर आहे. हे ऐकल्यावर मी किती फुगले म्हणून सांगू!

पोरगी परीक्षेला निघाली, तेव्हा गिरजाबाईनं विचारलं, "हिले नेतं का संगं?"

"नोको माय. तिथी मलेच बोलू दे."

ती परत आली ती दारातूनच ओरडत, "माय, पास!"

खुशालभाऊ उठले. चपला घातल्या आणि स्थळाला नाही म्हणायला निघाले.

सत्यशीला पुढं शिकली. नागपुरातच शिकवू लागली. आमच्या घरी गॅस आला आणि मी माळ्यावर गेले. गंज चढला. तिचे बोल ऐकायची सवय लागलेल्या घरात फक्त शिट्टी वाजे, कुकरची.

एका दुपारी घरात कुणी नसताना गिरजाबाईनं मला खाली काढलं, पदरानं पुसलं आणि ओठांना लावलं. मला वाटलं, फुंकणार. ती हळूच 'ई' म्हणाली. जमलं नाही. इकडंतिकडं पाहून पुन्हा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरची फुंकणी भंगारात देऊ नका. आणि दूर गेलेल्या लेकीचा आवाज कुणी असं एकटं बसून घोकत असेल, तर दारातून हसू नका.