निद्रिस्त भागीदार

वहिनीने पेनाला पुन्हा टोपण लावलं आणि कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'निद्रिस्त भागीदार' म्हणजे काय?"

सीएने चष्मा काढून पुसला. नाहीतरी आपला धंदा गाद्यांचाच, असं म्हणून धाकटा दीर हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

सीएने समजावून सांगितलं. गेलेल्या नवऱ्याचा हिस्सा आता तिच्या नावावर येणार. पैसा धंद्यात राहील, नफा घरबसल्या मिळेल. कारखान्यात यायची, कुठल्या निर्णयात पडायची तसदी नाही.

"आणि तोटा झाला तर?"

तोही हिश्शाप्रमाणे, सीए जरा चाचरत म्हणाला. कारखान्याचं देणं फिटलं नाही, तर ते तिच्या राहत्या घरापर्यंतही येऊ शकतं.

"म्हणजे निर्णय होताना मी झोपायचं आणि तोटा आला की उठायचं."

दिराचे कान लाल झाले. दादाच्या आजारपणात तिने किती खस्ता खाल्ल्या ते आपण पाहिलंय, आता तरी तिला विसावा मिळावा एवढंच मनात होतं, असं तो म्हणाला. तिला ते खरंच वाटलं. तरी तिने कागद मागे सरकवला.

"तो शब्द काढा. मी उद्यापासून येते."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा एका वसतिगृहाच्या गाद्या रचून तयार होत्या. तिने वरची खाली ओढली, हाताने दाबली आणि सरळ तिच्यावर आडवी झाली. कारागिरांनी माना फिरवल्या. उठताना तिचा हात कमरेवर होता.

"भावजी, आत काय भरलंय?"

वेळ मारून नेण्यासाठी जुना कापूस मिसळल्याचं दिराने हळू आवाजात कबूल केलं. मागेही एकदा खपून गेलं होतं. आता सगळ्या उसवायच्या तर या खेपेचा नफा बुडालाच.

"बुडू दे. त्यात माझाही हिस्सा आहे."

तिने कात्री घेतली आणि पहिली शिवण उसवली. तेवढ्यात दिराचा फोन वाजला. वसतिगृहाचा व्यवस्थापक गाडी कधी निघतेय ते विचारत होता. दिराने त्या ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जरा थांबा," तो म्हणाला, "भागीदारांना विचारून सांगतो."

तिने मान वर केली नाही.

"आठ दिवस सांगा," म्हणाली, आणि पुढची गादी ओढली.