टेपवरची जागा

अठ्ठ्याण्णव सालच्या जमैकातल्या किंग्स्टनमध्ये नवा ठेका निघाला की अर्धं गाव स्टुडिओच्या फाटकाशी. ठेका एकच, त्यावर प्रत्येकाचं वेगळं गाणं, आणि सगळी एकाच टेपवर. टेप भरली की कुणाचं तरी पुसायचं. कुणाचं, ते मालक ठरवायचा. बटण दाबायचा रेकॉर्डिंग करणारा लेनवल.

शुक्रवारी एक बडा गायक आला, त्याचं तासाभरात विमान.

"ओरेटचं पूस," मालक म्हणाला. "सोमवारी येऊन परत गाईल की. त्याला काय काम आहे दुसरं?"

ओरेट गल्लीतलाच पोरगा; त्याचं गाणं लेनवलला मनापासून आवडलं होतं. तरी पुसलं. रोजचंच होतं ते.

रविवारी मिनीबस उलटली आणि ओरेट गेला.

बुधवारी दुपारी त्याची आई, मिस हायसिंथ, चर्चची टोपी घालून स्टुडिओत आली. "शनिवारी त्याला मातीत ठेवायचं. चर्चमध्ये त्याचं गाणं लावणार आहे. पास्टर कुरकुरतोय, पण त्याला मी बघून घेते. लाव बाळा, मी अजून ऐकलंच नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं.  पण लेनवलने टेप लावली. बड्या गायकाने थेट कडव्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे त्याआधीची ओरेटची बडबड तेवढी शाबूत होती.

"सलाम लेनवलला! सलाम कोपऱ्यावरच्या बार्बरला! पॅन्सी, तुझे पैसे देतो गं, सलाम!"

म्हातारी खुदकन हसली. "मेला! मेल्याला..." आणि तिने तोंडावर हात धरला.

मग दुसराच आवाज गायला लागला. ती थोडा वेळ वाट बघत बसली.

"हा कोण?"

लेनवलने टेप थांबवली आणि सगळं सांगितलं. मालकाचं नाव मात्र घेतलं नाही. "मी पुसलं," एवढंच म्हणाला.

 

"सगळ्या गल्लीला सलाम केला," ती म्हणाली. "मला नाही?"

"केला होता, मिस हायसिंथ. शेवटी. सगळ्यात मोठा."

"मग तू ऐकलायस ना? म्हणून दाखव. अगदी त्याच्यासारखं."

लेनवलने डोळे मिटले. पोराचे शब्द त्याला पाठ होते. त्याने तोंड उघडलं; शब्द ओरेटचे निघाले, आवाज मात्र लेनवलचाच.

"परत म्हण," ती म्हणाली.