थोरली कुऱ्हाड

मंजुळेच्या सासरी एक कुऱ्हाड होती आणि घरात तिला माणसांपेक्षा जास्त मान होता. साडेचार किलोचं पातं, छातीपर्यंत येणारा खैराचा दांडा. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, दिवाळीला खोबरेल तेल. घरातल्या सुनांच्या डोक्याला तेल असो नसो, कुऱ्हाडीला हवंच. वर्षभर ती माळ्यावर आडवी पडून असायची आणि घरात लग्न निघालं की खाली उतरायची.

कारण कळव्याच्या खाडीकाठच्या त्या कोळ्यांच्या आळीत रीतच तशी होती. हळदीच्या चार दिवस आधी भावकीने जमायचं आणि मांडवाच्या जेवणाची लाकडं फोडायची. पहिला घाव घरच्या कर्त्याचा, तोही घरच्या कुऱ्हाडीने. पहिला ओंडका फुटला की मग बाकीचे पुरुष आपापल्या कुऱ्हाडी घेऊन तुटून पडायचे. आणि ज्याने तो पहिला घाव घातला, तो त्या घराचा कर्ता. पुढे गावकीत त्या घराबद्दल काहीही विचारायचं झालं की त्यालाच विचारायचं.

मंजुळेच्या घरात ती जागा चार वर्षं रिकामी होती. तिचा नवरा नामा काविळीने गेला, त्यानंतर घरात लग्नच निघालं नव्हतं. आता एक्क्याण्णवच्या चैत्रात तिच्या पोरीचं, प्रमोदिनीचं ठरलं. (हे नाव नामाने हौसेने ठेवलं होतं. आळीत ते कुणालाच धड म्हणता आलं नाही, म्हणून सगळे तिला प्रमू म्हणत.) आणि लग्न ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी मंजुळेचा धाकटा दीर पोपट स्कूटरवरून उतरला.

पोपट वर्तकनगरला ब्लॉक घेऊन राहायचा. भावाच्या आजारपणात तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा घाईत. या वेळी मात्र त्याला वेळच वेळ होता. त्याने चहा घेतला, आईच्या, म्हणजे गोदूबाईच्या पायाला हात लावला, आणि शेजारच्या गोमाजीबाबांनाही मुद्दाम बोलावून घेतलं. गोमाजीबाबा गावकीचे म्होरके.

"वयनी, तू कायपण टेन्शन घेव नको," पोपट म्हणाला. "पयला घाव मी घालतंय. दादा नाय, तं मीच."

मंजुळेने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा लाकडं फोडायला आलेला नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही. घराच्या मागे, खाडीच्या अंगाला त्यांची वाडी होती. त्या वाडीत मंजुळा बोंबील आणि जवळा वाळवायची, आणि त्यावर चार वर्षं घर चाललं होतं. एक बिल्डर ती वाडी मागत होता आणि पोपट त्याच्या गाडीतून फिरताना आळीतल्या अर्ध्या लोकांनी पाहिला होता. पोपट एकदा कर्ता झाला की गावकी त्याला विचारणार, आणि तो हो म्हणणार. मंजुळेला मग बोंबील वाळवायला ब्लॉकची गच्ची.

"कसाला?" मंजुळा म्हणाली. "कर्ती मी हाय. घाव मीच घालीन."

पोपट आधी हसला. मग गोमाजीबाबांकडे बघून आणखी हसला. "बाबा, आयकलं? वयनी घाव घालते!" आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "घाल ना. मी कसाला अडवू? पन थोरल्या कुऱ्हाडीनं घालाचा. घरच्या. आन ओंडका मी आणीन. नाय फुटला तं मंग माजा घाव. बोल."

"बोलले," मंजुळा म्हणाली.

गोमाजीबाबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. बाईने घाव घालू नये असं कुठे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. तसं कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

बोलायला बोलली, पण मंजुळेची चूक पुढे झाली. पोपट गेल्याबरोबर तिने शिडी लावली, थोरली कुऱ्हाड खाली काढली आणि मागच्या अंगणात आंब्याचा एक ओंडका उभा केला. तिला घाई झाली होती. संतापाने हात शिवशिवत होते आणि समोरच्या ओंडक्यात तिला पोपटाचं सफारीतलं पोट दिसत होतं. तिने कुऱ्हाड डोक्यावर उचलली. वर गेली तेवढी गेली. खाली येताना मात्र कुऱ्हाडीने स्वतःच्या मनाने दिशा धरली. पातं ओंडक्याच्या कडेला घासून जमिनीत रुतलं आणि मंजुळा दांड्यासकट पालथी झाली.

कुंपणापलीकडून आवडाबाई बघत होती. आवडाबाई बघते तेव्हा एकटी बघत नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळलं की नामाची बायको कुऱ्हाडीवर पडली. कुणी हसलं, कुणी हळहळलं, आणि हळहळणाऱ्यांचा मंजुळेला जास्त राग आला.

खांद्याला हळद लावून ती ओट्यावर बसली होती. आतून सासू आली. गोदूबाई पंच्याहत्तरीची, कमरेत वाकलेली, पण जिभेने ताठ. ती शेजारी टेकली. म्हणाली, "ती कुऱ्हाड कोनालाच नाय झेपत गो."

"म्हंजे?"

"नामाला पन नाय झेपली कवा. आन त्याच्या बापाला पन नाय." गोदूबाईने इकडेतिकडे बघितलं, जणू नवरा कुठून तरी ऐकत असावा. "आदल्या दिवशी दुपारची आळी झोपली का दोघं बाप-लेक ओंडक्याला करवतीनं चीर पाडून ठेवायचे. वरनं शेण-माती लिंपायची. मंग दुसऱ्या दिवशी एका घावात दोन तुकडे. लोक बोलतान, वा! मी पन बोलायची, वा!"

मंजुळा तिच्याकडे बघतच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती तिच्या. बावीस वर्षं तिने त्या कुऱ्हाडीला तेल घातलं होतं. आधी तिला हसू आलं, मग नामाची अशी माया आली की डोळे भरले, आणि त्याच्या मागोमाग राग आला, तो मात्र टिकला.

"मंग मी पन चीर पाडू?" तिने विचारलं.

"ओंडका पोपट आनणार. त्याला ठावं हाय सगला. तो चीर शोधल पयली."

म्हणजे तोही रस्ता बंद. आणि मंजुळेला तिचा बाप आठवला.

तिचं माहेर शहाडचं. बाप कान्हा, तिथल्या एका लाकडाच्या वखारीत फोडणारा. कान्हा अंगाने इतका बुटका की वखारीतले लोक त्याला ओंडक्यामागे शोधायचे. पण रोज फुटलेल्या लाकडांचा ढीग त्याचा मोठा असायचा. तो कुऱ्हाडीच्या वाटेला जातच नसे. त्याच्याकडे होत्या तीन पाचरी आणि एक घण. लहानपणी मंजुळा तिथे ढलप्या वेचायची आणि त्याचं काम बघायची. नवा घण घ्यायचा झाला की कान्हा दुकानात उभा राहून तो दहा वेळा डोक्यावर उचलायचा. दहाव्या वेळी हात थरथरला तर घण परत ठेवायचा. दुकानदार चिडायचा, म्हणायचा, अरे मोठा घे, मरद आहेस ना? कान्हा म्हणायचा, मरद घरी दाखवीन, लाकडं मना दिवसभर फोडायची हायत.

आणि सासरी येऊन हे सगळं मंजुळा विसरली होती. थोरल्या कुऱ्हाडीच्या दिमाखापुढे बापाच्या तीन पाचरी सांगायची तिला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटली.

"आत्या," ती म्हणाली, "कुऱ्हाड घरचीच पायजे. पन ती कुऱ्हाडच राहावी असं कोनी बोललंय?"

गोदूबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती तोंडावर पदर धरून बसली. हसते की रडते, मंजुळेला कळेना.

"माज्या नवऱ्याची हाय ती," गोदूबाई अखेर म्हणाली. "त्याच्या मागं माजी. मोर तिला, वितळव आन पाचरी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सासू-सुना कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून नाक्यावरच्या धाकू लोहाराकडे गेल्या. धाकूने गोणपाट सोडलं आणि हात जोडले. "ही? ही तं तुमच्या घरची थोरली! हिला मी हात नाय लावणार. आळी मना जाळल."

"आळीला मी बघतंय," गोदूबाई म्हणाली. "तू भट्टी पेटव."

धाकूला वाटलं, एकच मोठी पाचर करावी, कुऱ्हाडीच्या इतमामाला शोभेल अशी. मंजुळा नाही म्हणाली. एवढी मोठी पाचर रोवायला एवढाच मोठा घण लागतो, आणि मग पुन्हा तीच गत. तिने जमिनीवर काडीने आकृत्या काढल्या. तीन पाचरी, प्रत्येक एक वीत लांब. पहिली पातळ, नुसती चिरेत शिरायला. दुसरी मध्यम. तिसरी जाड, खांद्यात फुगीर, आत गेली की लाकडाला उघडायला लावणारी. धाकू डोकं खाजवत म्हणाला, "तुना कोनी शिकवलं?" मंजुळेने सांगितलं, "माज्या बापानं," आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने सांगितलं.

घण तिने तिथेच निवडला. धाकूने आधी पाच किलोचा काढला, मग चारचा. तिने एकेक उचलून पाहिला. चौथ्या-पाचव्या वेळेला दुखरा खांदा बोलू लागला, तसा खाली ठेवला. शेवटी अडीच किलोचा, आखूड दांड्याचा. तो दहा वेळा वर गेला आणि दहा वेळा तिने म्हटलं तिथेच उतरला. "हा पोरांचा हाय," धाकू म्हणाला. "माजा हाय," मंजुळा म्हणाली.

पुढचे तीन दिवस ती मागच्या अंगणात मिळेल त्या लाकडावर हात बसवत होती. आवडाबाई कुंपणाशी यायची, पण आता हसत नव्हती.

लाकडं फोडायच्या दिवशी सकाळी भावकी जमली. पंचवीसएक पुरुष, खांद्यावर कुऱ्हाडी. पोपटाने टेम्पोतून ओंडका उतरवला आणि तो बघून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चिंचेचा बुंधा होता. चिंचेचं लाकूड म्हणजे आतून सगळं पिळलेलं, दोरखंडासारखं. भले भले फोडणारे त्याला बाजूला ठेवतात. त्यात याला एका अंगाला पोरीच्या डोक्याएवढी गाठ.

"लग्नाला हे लाकूड आनलंस?" गोमाजीबाबांनी विचारलं.

"जलतं चांगला, बाबा," पोपट म्हणाला.

मंजुळा बाहेर आली. नऊवारी वर खोचलेली, हातात पाट. पाटावर हळद-कुंकू लावलेल्या तीन पाचरी.

"कुऱ्हाड कुठं हाय?" पोपटाने विचारलं.

"ही काय."

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग उमगलं, आणि आळीत जो गलका उठला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. पोपट ओरडला, "थोरली मोरली? आज्याची कुऱ्हाड मोरली? कोनाला विचारून?"

"मना," ओट्यावरून गोदूबाई म्हणाली.

पोपट तरी हार मानणारा नव्हता. तो गोमाजीबाबांकडे वळला. "ही कुऱ्हाड नाय, बाबा. शर्त थोरल्या कुऱ्हाडीची होती."

गोमाजीबाबांनी एक पाचर उचलली, उलटीपालटी केली, अंगठ्याने चाचपली. त्यांना पेच पडला होता, आणि भावकी त्यांच्याकडे बघत होती. "लोखंड घरचाच हाय," ते शेवटी म्हणाले. "रीत घरच्या हत्याराची. त्याला पाती किती, घाव किती, ते कुठं सांगितलंय? मार, मंजुळा."

मंजुळेने घाई केली नाही. ओंडक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गाठ खाली येईल असा तो उलटा करून घेतला. वाळताना लाकडाला आपोआप चिरा पडतात. त्यातली एक गाठीला चुकवून कडेपर्यंत गेली होती. पुरुष मधोमध घाव घालतात. तिने पातळ पाचर कडेला, त्या चिरेत ठेवली. घण उचलला. टण्ण. पाचर उभी राहिली. आणखी चार घाव आणि ती बोटभर आत गेली. मग तिच्या रेषेत, मधल्या अंगाला, मध्यम पाचर. सहा घाव. ओंडक्याने हूं की चूं केलं नाही.

कुणीतरी खोकलं. पोपटाने कुणाची तरी कुऱ्हाड हातात घेऊन बाह्या वर केल्या. मंजुळेच्या खांद्यातून कळ निघाली आणि एकदम तिला भीती वाटली. वाडी, दोऱ्यांवरचे बोंबील, सगळं हातातून सुटल्यासारखं वाटलं. मग तिने घण पुन्हा उचलला. तिला झेपत होता. तेवढं पुरेसं होतं. सात, आठ, नऊ, दहा. अकराव्या घावाला लाकडातून बारीकसा आवाज आला, करकर. पातळ पाचर सैल झाली; तिने ती हाताने उपसून काढली. तिच्या जागी जाड पाचर बसवली आणि मग मात्र तिने दात-ओठ खाऊन घण घातला. एक पोपटाच्या हसण्यासाठी, एक आळीच्या हळहळीसाठी, एक बावीस वर्षं घातलेल्या तेलासाठी. चौथा कशासाठी ते तिला कळलंच नाही, कारण चिंच फुटली होती. दोन फाका दोन बाजूंना पडल्या आणि आतलं तांबूस लाकूड उन्हात ओलं दिसलं.

पहिली ओरडली ती प्रमू. मग आवडाबाई. मग सगळ्यांनी कुऱ्हाडी उचलल्या.

गोमाजीबाबांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मंजुळेच्या हातावर ठेवला. तो कर्त्याचा असतो. तिने तो तिथेच, सगळ्यांदेखत खाल्ला.

"या भावजी, हात लावा," खाता खाता ती म्हणाली. "लाकडं खूप हायत."

पोपटाने उसनी कुऱ्हाड खाली टाकली. त्याला दुसरंच काही आठवलं होतं आणि ते आठवून त्याचा चेहरा पडला होता. "पुढच्या साली माज्या पोराचं लगीन हाय, आये," तो आईला म्हणाला. "घरची कुऱ्हाड तं हिनं मोरली. मी पयला घाव कसानं घालू?"

गोदूबाई ओट्यावरून उठली, वाकत वाकत आली आणि तिन्ही पाचरी पदराने पुसून सुनेच्या पाटावर ठेवल्या.

"हिच्याकडं मागाच्या," ती म्हणाली. "आन काम झालं का परत आणून द्यायच्या."