अर्धी बाटली

तोतारामचं काम सांगायला सोपं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटली, आणि एरंडोलच्या आसपासच्या बारा गावांच्या विहिरी. पटकी, म्हणजे कॉलरा, येऊ नये म्हणून महिन्यातून दोनदा प्रत्येक विहिरीत लाल औषध टाकायचं. पगार सरकारी, फिरणं पायी, आणि बायांच्या शिव्या फुकट.

शिव्या उगाच नव्हत्या. नियमच तसा होता. पाणी इतकं लाल व्हायला हवं की दुसऱ्या दिवशी सकाळीही गुलाबी झाक उरली पाहिजे, तरच औषध लागू पडलं म्हणायचं. पण लाल पाणी पिणार कोण? रंग जाईस्तोवर, म्हणजे दीड-दोन दिवस, बायांना नदीच्या वाळूत झिरे खणून हंडे भरावे लागत. तोताराम गावात शिरताना दिसला की बाया म्हणत, उना रे बाबा, आता दोन दिवस मान मोडनार. तो हसून पुढे जायचा.

एकतीस साली कापसाचा भाव असा पडला की सरकी काढणाऱ्या जीनच्या दाराशी आलेल्या गाड्या तशाच परत फिरल्या. सरकारचीही आवक आटली. तोतारामला जळगावच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथले हेडक्लार्क बन्सीलाल माणूस वाईट नव्हता.

"सरकारचं घर काय नि आपलं घर काय, तोताराम," ते म्हणाले. "आवक घटली की हात आखडायचा. माझाही पगार दहावा हिस्सा कापलाय. तुला इथून पुढे महिन्याला दोनऐवजी एकच बाटली."

"अन् विहिरी?"

"विहिरी तेवढ्याच."

"रंग टिकणार नाही, साहेब."

"रंग दिसला म्हणजे झालं."

तोतारामला ते पटलं, हे कबूल करायला हवं. काटकसर म्हणजे चांगली गोष्ट, हे तो आईच्या पोटातूनच शिकून आला होता. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. मंजुळाबाई म्हशीपुढे पेंड भिजवून ठेवत होती.

"आपनबी हात आखडा," ती म्हणाली. "तेल कमी करं, साखर सोडी. पन म्हैसनी पेंड कोनी तोडस का?"

 तुला सरकारातलं काय कळतं, असं म्हणून तोताराम जेवायला बसला.

त्याच हिवाळ्यात एरंडोलच्या सडकेवर खडी फोडणारी माणसं घरी बसवली. त्यांच्या हातात मजुरी नाही, म्हणून आठवड्याच्या बाजाराला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानं निम्मी. दुकानं निम्मी, म्हणून बाजाराची पट्टी निम्मी. आणि पट्टी निम्मी आली म्हणून कचेरीने देवी टोचणाऱ्यालाही घरी बसवलं. आता हे कुठलं शहाणपण ते ज्याचं त्याने ठरवावं. तोतारामला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. त्याची नोकरी टिकली होती.

एक गोष्ट मात्र त्याने गुपचूप केली. त्याची एकुलती लेक कुंदा अंजनी नदीकाठच्या बोरखेड्यात दिली होती. पहिल्यांदाच दिवस गेले होते, चौथा महिना लागत होता. तोतारामने बोरखेड्याच्या विहिरीत पूर्वीइतकंच औषध टाकायचं ठरवलं, आणि ते बाकीच्या अकरा गावांतून काढलं. चोरीच म्हणा हवं तर. लेकीसाठी केली, म्हणून त्याला तिची लाज वाटली नाही.

ज्येष्ठ महिन्याच्या उन्हात तो बोरखेड्याला गेला, तेव्हा कुंदा नदीकडून येताना वाटेतच भेटली. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर, पाय सुजलेले. तिने घागर खाली ठेवली आणि बापाकडे पाहिलं.

"आबा, शेजारना गावनं औसद चांगलं शे," ती म्हणाली. "तठलं पानी दुपारलेच निवळस. आमनंच दोन दिन लाल ऱ्हास. बठ्ठ्या बाया माले बोलतस, तुना बापनं खराब औसद आमले देल शे. तेच चांगलं औसद आठे टाका ना."

लवकर निवळतं ते औषध चांगलं नव्हे, हे तोतारामला तिला सांगायचं होतं. पण सांगायचं तर चोरी सांगावी लागणार, आणि कचेरीचा निर्णय चुकीचा आहे हेही तोंडातून बाहेर काढावं लागणार. शिवाय तिचे सुजलेले पाय समोर होते. तोतारामने त्या दिवशी विहिरीत अर्धंच औषध टाकलं. दुपारी पाणी निवळलं. संध्याकाळी कुंदा घरच्या अंगणापासून वीस पावलांवरच्या विहिरीवरून हंडा भरून आली आणि बापाला हसून म्हणाली, "दख्खं?"

पटकी आषाढात आली. बोरखेड्यात एकोणीस माणसं गेली. कुंदा तिसऱ्या दिवशी गेली, पोटातल्यासकट.

तोताराम पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याला रडू आलं नाही. त्याला भूक लागली होती, आणि कुणीतरी पुढे ठेवलेली भाकरी त्याने मुकाट्याने खाल्ली. बरोबर आलेल्या मंजुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.  पेंडीचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि काढला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटत राही.

दहावं उरकल्यावर तो बाटली आणायला जळगावला गेला. बन्सीलालनी त्याला पाहून खुर्चीतूनच हात केला.

"शाबास, तोताराम. पूर्वी तुझ्या गावांतून वर्षाला वीस-वीस तक्रारी यायच्या, पाणी लाल राहतं म्हणून. यंदा एक नाही. साहेबांनी वर लिहिलंय, अर्ध्या औषधात भागतं. आता सगळ्या तालुक्यांना हेच लागू होणार."

"बोरखेड्यात एकोणीस गेली, साहेब."

"ते मृत्यूंच्या कागदात येईल. हा तक्रारींचा कागद आहे."

"माझी कुंदा त्यात होती."

बन्सीलालनी टाक खाली ठेवला.  मग हलक्या आवाजात म्हणाले, "बस. पाणी पितोस?"

"नको," तोताराम म्हणाला, आणि बाटली घेऊन निघाला.

तो कुठेही न थांबता सरळ बोरखेड्याला आला आणि महिन्याची अख्खी बाटली एकाच विहिरीत उपडी केली. बाकी अकरा गावांचं काय, हे त्याच्या मनात आलं आणि गेलं. पाणी जांभळ्या रंगाचं झालं. तो विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. त्या रात्री तो तिथेच झोपला, दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, आणि रंग जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाची सासू ताईबाई नदीवरून हंडा घेऊन आली. म्हातारी दमली होती. तिने हंडा कठड्यावर टेकवला आणि पदराने तोंड पुसलं.

"याहीबुवा, हाई औसद काही चांगलं नही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता शीण होता. "आमनी कुंदा व्हती तवयनं, दुपारले निवळनं ते औसद आना."

तोताराम विहिरीत पाहत होता.

"ते संपलं," तो म्हणाला, आणि उठून त्याने तिचा हंडा तिच्या डोक्यावर चढवून दिला.