ढिली हवा

सायकलनं कचेरीत कसं जावं, हे सांगण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. तरी दर उन्हाळ्यात नवे कारकून मला विचारत. पायजम्याला चिमटा लावा, ओला पंचा कानावरून गुंडाळा, खिशात कांदा ठेवा, एवढं मी सांगे. आणखी एक सांगे, ते शेवटी येईल.

बाहत्तरच्या मे महिन्यात आमच्या कचेरीत दोन हंगामी कारकून होतो, मी आणि रुपराव. कायम जागा एकच. हेडक्लार्क बाबनरावांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिन्यात उशिराच्या तीन लाल खुणा ज्याच्या, तो घरी."

मी गोळीबार चौकातून येई, रुपराव थेट शहराबाहेरच्या कन्हानवरून. वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं की चाक टणक असलं तर सायकल हलकी चालते. म्हणून रोज सकाळी मी टच्च हवा भरत असे. तापलेल्या डांबरावर ट्यूब दोनदा फुटली. दोन खुणा. रुपरावाच्याही दोन झाल्या होत्या, रेल्वे फाटकापायी.

"उन्हायात टच्च हवा काहून भरतं गा, पुस्तक्या?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "थोडी ढिली ठेव. का तेही छापून पाह्यजे?"

सगळे हसले. मला वाटलं, ढिल्या चाकानं मी उशिरा पोचावं हाच याचा डाव.

दुसऱ्या संध्याकाळी कचेरीच्या सायकल स्टँडवर तो माझ्या सायकलीपाशी उकिडवा बसलेला दिसला. तो गेल्यावर चाक दाबून पाहिलं. हवा कमी. रागानं माझे कान तापले. त्याच्याशी बोलायची हिंमत कधीच नव्हती.

पुढच्या दिवशी डब्याच्या सुटीत मी त्याच्या चाकाची वॉलट्यूब, म्हणजे हवा अडवणारी बारीक रबरी नळी, काढली. वडिलांच्या हातमागावरची धागा कापायची पाती खिशात आणली होती. रबराला बारीक चीर दिली, लगेच नव्हे तर हळूहळू वाढून सकाळी वाटेत हवा जावी अशी, आणि वॉलट्यूब परत बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं सगळं लक्ष घड्याळाकडे; हवा भरायची राहून गेली, चाक रात्रीतून थोडं ढिलं पडलेलं. तसाच निघालो. वेळेवर पोचलो.

रुपराव पाऊण तास उशिरा आला, कन्हान रोडवरून सायकल ढकलत, घामानं निथळत. बाबनरावांनी हजेरीपटावर तिसरी लाल खूण केली.

संध्याकाळी स्टँडवर त्यानं माझं चाक अंगठ्यानं दाबलं.

"ढिलं हाये. नाही फुटलं ना आज?"

"परवा तूच हवा काढलीस," मी कसंबसं म्हणालो.

"काढली. तोंडानं सांगून तुले समजून नाही राहिलं, म्हणून काढली. दोन खुना झाल्या होत्या ना तुया." मग त्यानं मूठ उघडली. तळहातावर चिरलेली वॉलट्यूब होती. "हे झिजून नाही गेलं. मागाच्या पातीची चीर हाये. माह्या मामाच्याही घरी माग हाये, मले ओळखू येते."

मी सायकलीचं कुलूप काढू लागलो.

"साहेबाले सांगत नाही," तो म्हणाला. "तू बस त्या खुर्चीवर. आन् मी दिसलो कुठी तर मले हाक नको मारू."

मी कायम झालो. पुढं एकदा तो धरमपेठेत समोरून आला आणि थुंकून पलीकडच्या कडेला गेला. मी हाक मारली नाही.

नव्या कारकुनांना मी शेवटी सांगे, मे महिन्यात हवा थोडी ढिली ठेवा. हे कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं की मी म्हणे, पुस्तकात वाचलं.