लाल फितीचं गाणं

श्यामकांतचे पाय आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, हे सुधाच्या लक्षात आलं ते रेडिओमुळे. लग्नानंतर तो पीएच.डी.साठी जर्मनीत हॅनोव्हरला आला आणि ती सासरी वाट बघत राहिली. तीन वर्षांनी, एकोणसाठ साली, ती आली. संसार म्हणजे एक खोली, एक टेबल आणि घरमालकिणीने कृपा करून दिलेला रेडिओ. त्यावर एक मेक्सिकन गाणं लागलं की हा पठ्ठ्या मान खाली घालून सूप पीत राही आणि टेबलाखाली त्याचे पाय चालू होत. उजवा पाय गोल फिरे, डावा आत सरके, मग दोन्ही थांबत, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

"अहो, हे काय चाललंय?"

"कुठे काय? थंडीने पाय आखडतात."

थंडी फक्त त्याच गाण्याला कशी वाजते, हे सुधाने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घातलं. महिन्याभरात त्याच्या ट्रंकेच्या तळाशी तिला लाल फीत सापडली. नऊवारीच्या काठाएवढी लांब, मधोमध चुरगळलेली, वर बुटांचे डाग. पार्सलला बांधून आली होती, म्हणाला. कुठल्या पार्सलला, ते त्याला आठवेना.

पुढच्या वसंतात लग्नाचं आमंत्रण आलं. त्याच्या इन्स्टिट्यूटमधली मेक्सिकन मुलगी लुसिया वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यातल्या जर्मन इंजिनिअरशी लग्न करत होती. "तुला कंटाळा येईल, तू नको येऊस," श्यामकांत म्हणाला. झालं! सुधाने ठेवणीतली इरकल काढली.

हॉलमध्ये जेवणं झाल्यावर जमिनीवर लाकडी फळ्या मांडल्या आणि गिटारवर तेच गाणं सुरू झालं. नवरानवरी फळ्यांवर चढली. त्यांच्या पायांशी लाल फीत पडली होती. ट्रंकेतली होती तशीच.

शेजारी श्यामकांतचा मित्र यशवंत केक चापत होता. "बघा वहिनी, गंमत आहे. फार जुनं गाणं, कुणी रचलं कोण जाणे. हिच्या गावाकडे लग्नात यावर नाचता नाचता दोघांनी नुसत्या पायांनी फितीचा बो बांधायचा. हात लावायचा नाही."

"एकट्याला येतं का हो हे?"

"छे! अर्धा बो याच्या पायांत, अर्धा तिच्या. दोघांनी महिनोन् महिने घासावं लागतं."

जर्मन नवरा अडखळत होता. बो होई आणि सुटे. लोक हसत होते, लुसियाही हसत होती. सुधाने खुर्चीखाली पाहिलं. श्यामकांतचे पाय एकदाही चुकत नव्हते. जिथे ते थांबत, तिथे फळ्यांवर लुसियाचा पाय आत येत होता.

सुधाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण तिकडे याच्या नावाने उपास करत होतो आणि हा इकडे गाठी मारत होता! साताऱ्याला माहेरी निघून जावं असं वाटलं. पण जायचं तर कळून जायचं, संशयावर नाही. आणि विचारलं तर हा पुन्हा पार्सलची गोष्ट सांगणार. म्हणून ती नवरीच्या पायांकडे एकटक बघत राहिली.

श्यामकांतला पीएच.डी.नंतर तिथेच नोकरी लागली. घर बदललं, पण ते गाणं काही पाठ सोडेना. कुणी ते इलेक्ट्रिक गिटारवर बडवलं, कुणी जर्मन शब्द घालून गायलं. लांब केसांच्या पोरांची नवी गाणी लागली, तरी खालून चाल तीच धावत असे. मेलं मरतच नाही, सुधा म्हणे. तो कामावर गेला की ती ट्रंकेतली फीत काढी, खुर्चीचे दोन पाय समोर नवऱ्याचे म्हणून धरी आणि घासत बसे.

चौसष्टच्या एका रविवारी वरणभात वाढून झाला आणि रेडिओवर तेच लागलं, ढणढणाटी. टेबलाखाली पाय सुरू झाले. सुधाने मांडीवरची फीत हळूच खाली सोडली. त्याचे पाय थांबले, तिथे तिने आपला पाय आत घातला. वळवला, ओढला.

शाळकरी पोरीच्या वेणीवर असतो तसा बो घट्ट बसला. श्यामकांतचा घास हातातच राहिला.

"कोणी शिकवलं तुला?"

"तुमच्या पायांनी. ही जागा लुसियाची होती ना?"

त्याने घास ताटात ठेवला. पार्सल नाही, थंडी नाही.

"हो," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. सुधाला हायसं वाटलं आणि लगेच भडभडून आलं. त्याने खाली वाकून फीत सोडवायला हात घातला.

"हाताने नाही," सुधा म्हणाली.

तो सरळ बसला. गाणं संपून रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. त्याने बूट काढले आणि गाठ सोडवायला पाय पुढे केले.