काबरीचं शेवटचं वेत

काबरीने पुन्हा लाथ झाडली आणि नुकतंच जन्मलेलं करडू गवतावर कोलमडलं.

"शिवलीस ना तू त्याला?" म्हातारीने सुनेवर तोफ डागली. "खरं सांग. तोंड दिलंय ना देवाने?"

"नाही हो आई. मी पाणी आणायला गेले होते. आले तर ते तुमच्याच हातात होतं."

"म्हणजे काबरीलाच वेड लागलं म्हण! इतकी वेतं झाली, कधी पोराला झिडकारलं नाही तिने."

सून गप्प बसली. या घरात गप्प बसणं हेही एक कामच होतं, आणि तिने ते पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं.

डोंगरउतारावरच्या त्या गोठ्यात म्हातारीचा एकच कायदा चाले. आधी आईची जीभ, मग माणसाचा हात. शेळी पोराला डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखते. चाटून चाटून तिने वास मनात पक्का केला की मग कुणीही उचला. त्याआधी परका वास लागला, तर पोटचं पोरही तिला परकं. या कायद्यापायी म्हातारीने सख्ख्या नणंदेला हाताला धरून बाहेर काढलं होतं, आणि नवरा होता तोवर त्यालाही दारातच थोपवलं होतं. मोकळीक होती ती तिच्या स्वतःच्या हाताला. आज करडू पायाळू आलं, नाकातोंडात पाणी गेलेलं. तिनेच ओढून काढलं, तोंड साफ केलं, अंग पुसलं. शेळ्यांमध्ये जन्म गेलेला हात, तो कसा परका होईल?

काबरीचे दात पडत आले होते. हे तिचं शेवटचं वेत. आजवर सगळे बोकडच दिले आणि आता जाता जाता मादी दिली. ही जगली तर काबरीचा वंश गोठ्यात राहणार. पण चीक पोटात गेला नाही तर ती संध्याकाळ बघणार नव्हती.

"चीक पिळून बाटलीने पाजू या का?" सुनेने विचारलं.

"आज पाजशील गं. पुढे? आईने टाकलेल्या करडाला सगळा कळप ढुशा देतो. बाटली घेऊन तू चरायला जाणारेस त्याच्या मागे?"

तरी वाटी घेऊन म्हातारी स्वतःच कासेपाशी बसायला गेली. गुडघे करकरले. तिने हात पुढे केला. काबरी फुरफुरली आणि दावं ताणून कोपऱ्यात सरकली.

"अगं ए भवाने, मी आहे!"

काबरी आणखी मागे सरली.

म्हातारीचा हात तसाच राहिला. मग तिने तो सावकाश आपल्या नाकाशी नेला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

गुडघ्यांचं तेल. लेकाने हिवाळ्यात आणून दिलेलं. त्याशिवाय आता उठता येत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ चोळून चोळून त्याचा वास तिला येईनासाच झाला होता.

"तुला येत होता हा वास?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

म्हातारीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. "नसतं," ती म्हणाली.

मग कुडाला धरून उठली.

"हात धू. राखेने, साबणाने नव्हे. करडामागून ती वार पडलीय ना, ती त्याच्या अंगाला चोळ. शेपटीखाली जास्त, तिथंच हुंगते ती. वरून मिठाचा हात फिरव, म्हणजे चाटेल ती. आणि जोरात चोळ, पावडर लावत नाहीयेस!"

"कळलं हो. तुम्ही कुठे निघालात?"

म्हातारी दाराबाहेर थांबली. वारा तिच्या पाठीकडून गोठ्यात शिरत होता. ते लक्षात येताच ती भिंत धरून, एकेक पाऊल टाकत, गोठ्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिकडे खिडकी नव्हती, नुसता कूड.

"काय करतेय?" तिने ओरडून विचारलं.

"हुंगतेय."

"आणि आता?"

"अजून हुंगतेय. थांबा हो!"

म्हातारी कुडाशी आणखी सरकली.

"आई, चाटायला लागली! लागलं, कासेला लागलं! शेपूट बघा कसं हलवतंय... या ना आत, बघा तरी."

"तू बघ," म्हातारी म्हणाली. "ती दुसरी विणारे ना, काळी, तिच्यापाशीही तूच बस."

दोन्ही हात काखेत दाबून ती कुडाला कान लावून उभी राहिली. आतून चाटण्याचा ओला आवाज येत होता.